कोरियन माणूस अमेरिकेच्या बाजूचा की विरोधातला?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. चाकणच्या कारखान्यातून कंपनी तुम्हाला आधी दक्षिण कोरियाला आणि तिथून व्हिएतनामच्या प्लांटला पाठवते आहे. जाण्याआधी माहिती म्हणून तुम्ही व्हिडिओ पाहिले, तर सोलच्या एका चौकात लोक ‘अमेरिकन सैन्य परत जा’ म्हणून ओरडत होते आणि दुसऱ्या एका मोर्चात कोरियाच्या झेंड्याबरोबर अमेरिकेचाही झेंडा फडकत होता. ज्या कोरियासाठी अमेरिका लढली तिथे राग आणि ज्या व्हिएतनामवर तिनं बाँब टाकले तिथे कौतुक, हे कसं? आणि जेवताना विषय निघालाच तर काय बोलायचं?

मी पुण्यात कोरियन शिकले, काही काळ सोलला राहिले आणि तेव्हापासून रांजणगाव-तळेगाव-चाकण पट्ट्यात दुभाषी म्हणून काम करते. राज्यशास्त्राची प्राध्यापक नाही. मीटिंगमध्ये साहेब बोलतात ते मी मराठीत किंवा हिंदीत सांगते. रात्री जेवताना सोजूचे दोन ग्लास पोटात गेले की ते एकमेकांशी बोलतात, तेव्हा मला कुणी भाषांतर करायला सांगत नाही, पण कान काही बंद ठेवता येत नाहीत. पुढचं सगळं त्या ऐकण्यातून आणि त्यामुळे लागलेल्या वाचनाच्या नादातून आलेलं आहे.

आधी एक गोष्ट. बाजूचा की विरोधातला, असं विचारलंत तर उत्तर मिळणार नाही, कारण एकच माणूस दोन्ही असतो. समोरचा साठीचा आहे की पंचविशीचा, डाव्या कलाच्या ग्वांगजू शहराचा आहे की उजव्या कलाच्या देगूचा, त्या वर्षी व्हाइट हाउसमध्ये कोण बसलं आहे, यावर बरंच अवलंबून आहे. आपल्याला अमेरिका म्हणजे व्हिसा, मुलाची नोकरी आणि टीव्हीवरची बातमी. कोरियन माणसासाठी ती गल्लीच्या टोकाला असते. आज तिथे साधारण साडेअठ्ठावीस हजार अमेरिकी सैनिक आहेत. युद्ध पेटलं तर दोन्ही देशांच्या संयुक्त फौजेची सूत्रं अमेरिकन जनरलच्या हातात जातात. शांततेच्या काळातला अधिकार कोरियाला परत मिळाला तो 1994 मध्ये, युद्धकाळातल्या अधिकाराबद्दल बोलणी चालूच आहेत. सोलच्या ऐन मध्यावर, योंगसानमध्ये, जपानी अंमलात जपानी सैन्याची छावणी होती. जपान हरला आणि तीच छावणी अमेरिकेची झाली. मुख्यालय शहराबाहेर प्योंगतेकला गेलं ते थेट 2018 मध्ये. राजधानीच्या नकाशात एवढा मोठा तुकडा, आणि आत शिरायला दुसऱ्याची परवानगी.

मामाच्या घरी राहून शिकलेला भाचा आठवा. मामानं खाऊ घातलं, फी भरली, हे तो कधी नाकारत नाही. पण आता त्याची स्वतःची फॅक्टरी आहे आणि चारचौघांत मामा अजून ‘अरे, पाणी आण’ म्हणतो. तो मामाचा द्वेष करतो का? नाही. चिडतो का? भयंकर.

उपकाराची बाजू खोटी नाही. 1950 ते 1953 च्या युद्धात छत्तीस हजारांच्या आसपास अमेरिकी सैनिक मेले. ज्यांनी ते युद्ध डोळ्यांनी पाहिलं, उत्तरेतून पळून आले, चर्चच्या आधारानं उभे राहिले, त्यांना अमेरिकेविरुद्ध शब्द खपत नाही. तुम्ही पाहिलेले झेंडे बहुतेक त्यांचे आणि त्यांच्या विचारांच्या मंडळींचे. डिसेंबर 2024 मध्ये राष्ट्राध्यक्ष युन सुक-योल यांनी लष्करी कायदा पुकारला आणि पुढे त्यांचं पद गेलं. तेव्हा त्यांच्या समर्थकांच्या मोर्चांत अमेरिकेचे झेंडे तर होतेच, ट्रम्प समर्थकांच्या इंग्रजी घोषणांचे फलकही होते. आपल्याकडे कुठल्या पक्षाच्या सभेत परक्या देशाचा झेंडा दिसला तर काय होईल! तिथे त्या झेंड्याचा अर्थ ‘आम्ही कम्युनिस्टांच्या विरोधात’ एवढाच असतो आणि रोख घरातल्या डाव्यांवर असतो. म्हणजे झेंडा अमेरिकेचा, भांडण कोरियाचं. उलट बाजूचं ‘परत जा’ हेही अनेकदा घरातल्याच उजव्यांना ऐकवायचं असतं.

आता साठीच्या घरातले लोक. हे तुमचे डायरेक्टर, प्लांट हेड असतील. 1960 च्या दशकात जन्मलेली, 80 च्या दशकात कॉलेजात गेलेली ही पिढी. यांच्या डोक्यात अमेरिका म्हटलं की पहिलं नाव येतं ते ग्वांगजू.

1980 च्या मे महिन्यात दक्षिणेकडच्या या शहरात विद्यार्थी लष्करी राजवटीविरुद्ध रस्त्यावर आले. जनरल चुन डू-ह्वान यांनी पॅराट्रूपर पाठवले. त्यांनी दिसेल त्याला बडवलं, गोळ्या घातल्या, तेव्हा अख्खं शहर उठलं आणि नागरिकांनी सैन्याला बाहेर काढलं. काही दिवस शहर लोकांच्या हातात होतं. 27 मेच्या पहाटे सैन्यानं ते परत घेतलं. शेकडो माणसं मेली. त्या मधल्या दिवसांत शहरात बातमी आली की अमेरिकेची विमानवाहू नौका ‘कोरल सी’ कोरियाकडे येते आहे. लोकांना आनंद झाला. अमेरिका म्हणजे लोकशाही, ती आपल्याला वाचवायला आली, असं त्यांना वाटलं. नौका आली होती उत्तर कोरियाला धाक घालायला, म्हणजे दक्षिणेतल्या गोंधळाचा फायदा उत्तरेनं घेऊ नये म्हणून. शहर परत घ्यायला जे सैन्य वापरलं त्यातली एक डिव्हिजन संयुक्त कमांडच्या अखत्यारीतली होती आणि ती मोकळी करायला अमेरिकन जनरल जॉन विकम यांनी हरकत घेतली नव्हती. पुढच्याच वर्षी फेब्रुवारीत रेगन यांनी चुन यांना व्हाइट हाउसमध्ये पाहुणा म्हणून बोलावलं.

1971 च्या युद्धात, डिसेंबरात, अमेरिकेची विमानवाहू नौका ‘एंटरप्राइझ’ बंगालच्या उपसागराकडे निघाली तेव्हा ती आपल्या मदतीला येते आहे असं आपल्यापैकी एकालाही वाटलं नव्हतं. म्हणून आपला तेव्हाचा राग सरळ होता, आणि सरळ राग लवकर ओसरतो. ग्वांगजूचा राग अपेक्षाभंगाचा आहे. त्याआधी कोरियन विद्यार्थी चळवळ अमेरिकाविरोधी नव्हती. त्यानंतर झाली. 1982 मध्ये बुसानच्या अमेरिकन सांस्कृतिक केंद्राला आग लावली गेली, त्यात आत बसलेला एक कोरियन विद्यार्थीच मेला. 1985 मध्ये 73 विद्यार्थ्यांनी सोलमधल्या अमेरिकन माहिती केंद्राच्या ग्रंथालयात तीन दिवस ठाण मांडलं. मागणी काय, तर ग्वांगजूबद्दल माफी. अमेरिका 1989 मध्ये सविस्तर निवेदन काढून म्हणाली, पॅराट्रूपर आमच्या हाताखाली नव्हतेच. तांत्रिकदृष्ट्या बरोबर. पण ज्याचा मुलगा गेला त्याला कमांडचा तक्ता दाखवून काय उपयोग?

ही मुलं पुढे नोकरीला लागली, अमेरिकेत एमबीए करून आली, त्यांची मुलं तिथे शिकली. आज यातलेच काही जण तुमच्या कंपनीच्या बोर्डरूममध्ये असतील. मेसेजच्या शेवटी अमेरिकन इमोजी टाकतील आणि मे महिन्यात गप्प होतील.

चाळिशीतल्यांचं ग्वांगजू म्हणजे 2002. त्या वर्षी कोरियात फुटबॉलचा विश्वचषक चालू होता आणि देश लाल टी-शर्ट घालून रस्त्यावर होता. त्याआधी फेब्रुवारीत हिवाळी ऑलिंपिकमध्ये कोरियन स्केटरला बाद ठरवून सुवर्णपदक अमेरिकन खेळाडूला दिलं, म्हणून लोक आधीच धुमसत होते. जूनमध्ये अमेरिकेविरुद्ध गोल झाल्यावर खेळाडूंनी मैदानात स्केटिंगची नक्कल केली, तीही याच रागातून. 13 जूनला सोलच्या उत्तरेला यांगजू भागात, अरुंद, पदपथ नसलेल्या रस्त्यावर, अमेरिकी सैन्याच्या पूल वाहून नेणाऱ्या चिलखती गाडीखाली चौदा वर्षांच्या दोन शाळकरी मुली चिरडल्या. त्या मैत्रिणीच्या वाढदिवसाला चालल्या होत्या. त्या दिवशी स्थानिक निवडणुका, दुसऱ्या दिवशी पोर्तुगालशी सामना. बातमी कोपऱ्यात गेली.

लोक पेटले ते नोव्हेंबरात, निकालानंतर. दोन्ही देशांत 1966 साली झालेल्या करारानुसार कामावर असताना घडलेल्या गुन्ह्याचा खटला अमेरिकन सैन्यच चालवतं. कोरियानं खटला आमच्याकडे द्या अशी विनंती केली, ती नाकारली गेली. अमेरिकन लष्करी न्यायालयात अमेरिकन ज्यूरीनं दोन्ही सार्जंटना निर्दोष ठरवलं आणि थोड्याच दिवसांत दोघं देश सोडून गेले. मग इंटरनेटवर कुणीतरी सुचवलं, मेणबत्त्या घेऊन जमूया. कोरियातले मोठे मेणबत्ती मोर्चे तिथून रुळले. पुढे एका राष्ट्राध्यक्षांना घरी पाठवणारे 2016-17 चे मोर्चे त्याच घडणीचे.

त्या काळात लोक काय मागत होते ते नीट पाहा. ‘अमेरिकन मारा’ नाही. करार बदला, आणि राष्ट्राध्यक्षानं स्वतः माफी मागावी. तो अपघात होता हे बहुतेकांना मान्य होतं. माझ्या गावच्या रस्त्यावर माझी मुलगी मेली तर निवाडा कुणाच्या कायद्यानं, हा प्रश्न होता. मी आजवर ऐकलेल्या कोरियन तक्रारींचं मूळ जवळपास प्रत्येक वेळी इथेच सापडतं.

आणि हे फक्त कोरियाचं नाही. ओकिनावामध्ये 1995 साली तीन अमेरिकी सैनिकांनी एका शाळकरी मुलीवर अत्याचार केला. आरोपपत्र दाखल होईपर्यंत ते जपानी पोलिसांच्या ताब्यात मिळेनात, तेव्हा हजारोंचा मेळावा भरला. जपानच्या एकूण भूभागाच्या 0.6 टक्के ओकिनावात आणि तिथेच अमेरिकन तळांचा सिंहाचा वाटा, हे दुखणं त्याच्या मुळाशी होतंच. इराणमध्ये 1979 साली अमेरिकन दूतावास ताब्यात घेतला गेला, त्याच्या पंधरा वर्षं आधी, 1964 मध्ये, शाहच्या सरकारनं अमेरिकन लष्करी माणसांना आणि त्यांच्या कुटुंबीयांना इराणी न्यायालयांपासून सूट दिली होती. धर्मगुरू खोमेनींनी त्याविरुद्ध जळजळीत भाषण केलं आणि त्यांना हद्दपार व्हावं लागलं. फिलिपिन्सला तर अमेरिका आवडते, पाहण्यांत तिचा क्रमांक कायम वर असतो, तरीही 1991 मध्ये त्यांच्या सिनेटनं बारा विरुद्ध अकरा मतांनी तळांचा करार फेटाळला. आवड वेगळी, अधिकार वेगळा.

पुन्हा कोरियाकडे येते, कारण 2002 नंतर जे झालं ते तुमच्या कामाचं आहे. त्या लाटेवर डिसेंबरात रोह मू-ह्यून निवडून आले. तोवर त्यांनी अमेरिकेत पाऊलही ठेवलेलं नव्हतं. सगळ्यांना वाटलं, आता संबंध तुटतात. याच रोह यांनी इराकला तीन हजारांच्या आसपास सैनिक पाठवले आणि याच रोह यांच्या काळात अमेरिकेशी मुक्त व्यापार करार झाला. त्यांचे समर्थक संतापले. पण खुर्चीत बसल्यावर उत्तर कोरिया तिथेच होता आणि गाड्या विकायची बाजारपेठही तिथेच होती. 2002 मध्ये मंचावर अमेरिकन रणगाड्याची प्रतिकृती फोडणारा गायक साय पुढे जगभर गाजला. मग जुनं प्रकरण बाहेर आल्यावर त्यानं माफी मागितली आणि डिसेंबर 2012 मध्ये वॉशिंग्टनला ओबामांसमोर गायला. याला ढोंग म्हणणारे म्हणोत. मला त्यात ढोंग दिसत नाही.

प्यू या जनमत पाहणाऱ्या अमेरिकन संस्थेच्या पाहणीत 2003 साली अमेरिकेबद्दल चांगलं मत असलेले कोरियन निम्म्याहूनही कमी होते. 2009 मध्ये ते तीन चतुर्थांशांच्या वर गेले. सहा वर्षांत लोकांचा इतिहास बदलला नाही. बुश जाऊन ओबामा आले, मधल्या काळात उत्तरेनं अणुचाचण्या केल्या. पुढे 2016-17 मध्ये अमेरिकेची थाड क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा बसवू दिली म्हणून चीननं कोरियन कंपन्यांची कोंडी केली आणि तरुणांचा राग बीजिंगकडे वळला. आजचा पंचविशीतला कोरियन सहकारी चीनबद्दल जे बोलेल ते ऐकून तुम्ही चमकाल. अमेरिकेबद्दल तो कामापुरतं बोलतो. सक्तीच्या लष्करी सेवेत अमेरिकन तुकडीबरोबर नेमणूक मिळावी म्हणून मुलं इंग्रजीची परीक्षा देतात आणि मग सोडतीत नाव निघण्याची वाट पाहतात.

पण हाच तरुण सप्टेंबर 2025 मध्ये चिडलेला मी पाहिला. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात कोरियन बॅटरी कारखान्याच्या बांधकामावर स्थलांतर खात्यानं छापा घातला. पकडलेल्यांत तीनशेहून जास्त कोरियन होते, बरेचसे यंत्रं बसवायला गेलेले तंत्रज्ञ. त्यांना हाता-पायात, कमरेला साखळ्या घालून बसमध्ये चढवतानाची चित्रफीत अमेरिकन सरकारनंच प्रसिद्ध केली. त्याच्या काहीच आठवडे आधी कोरियानं अमेरिकेत 350 अब्ज डॉलर गुंतवायचं कबूल केलं होतं. या वेळी झेंडेवाले आजोबासुद्धा गप्प झाले. ‘कारखाना आम्ही बांधायचा, पैसा आमचा, आणि बेड्याही आम्हालाच?’ हे वाक्य त्या महिन्यात जेवणाच्या टेबलावर वेगवेगळ्या तोंडून, जवळजवळ याच शब्दांत ऐकलं. परदेशात यंत्र बसवायला जाणारा इंजिनियर म्हणजे उद्याचे तुम्हीच. हा विषय निघाला तर मनापासून बोला, तिथे तुमचं आणि त्यांचं दुःख एकच आहे.

बाकी वेळी काय बोलायचं? ‘अमेरिकेनं तुम्हाला वाचवलं’ हे वाक्य कधीच नको. ते खरं असलं तरी म्हणण्याचा अधिकार त्यांच्या आजोबांना आहे, तुम्हाला नाही. ‘तुम्ही काय, अमेरिकेच्या तालावर नाचणारे’ हेही नको. आपल्या मंडळींना अलिप्ततावादाचा अभिमान असतो आणि तो दोन घोटांनंतर उपदेशाच्या रूपात बाहेर येतो, तो आवरा. त्याऐवजी विचारा, सैन्यात कुठे होतात? पुरुष असेल तर तासभर बोलेल. तो सीमेजवळ, उइजोंगबूकडे होता असं कळलं तर ‘बुदे-जिगे’ खायला न्या म्हणा. युद्धानंतरच्या उपासमारीत अमेरिकन छावणीतून बाहेर पडलेलं डब्यातलं मांस, सॉसेज, त्यात किमची आणि तिखट घालून केलेला हा रस्सा. तुम्ही शाकाहारी असाल तर अवघड आहे, पण टेबलावर बसा. भांड्याकडे पाहत एखादा ज्येष्ठ ‘हे आम्ही कसं खायचो’ सांगायला लागला की उपकार आणि अपमान एकाच वाक्यात येतात, आणि मध्येच तो हसतोही.

आता व्हिएतनाम. 2017 च्या प्यूच्या पाहणीत तिथे 84 टक्के लोकांचं अमेरिकेबद्दल चांगलं मत होतं. शाळेच्या पुस्तकात ते युद्ध अजून ‘अमेरिकेविरुद्धचा लढा’च आहे, युद्धात अमेरिकेनं वापरलेल्या ‘एजंट ऑरेंज’ या रसायनाचं विष बिएन होआ या जुन्या विमानतळाच्या मातीतून काढायचं काम अजून चालू आहे, आणि तरी हे आकडे. माझ्या मते पहिलं कारण, ते जिंकले. जिंकलेल्याला मोठ्या मनाचं होणं परवडतं. दुसरं, तिथे आज अमेरिकन तळ नाही. कुणाच्या कायद्यानं निवाडा, हा प्रश्नच रोज उठत नाही. तिसरं, शेजारी चीन आहे. त्याच्याशी 1979 मध्ये युद्ध झालं आणि 2014 मध्ये चिनी तेलविहिरीवरून पुन्हा ठिणगी पडली. शिवाय निम्म्याहून जास्त लोक युद्धानंतर जन्मलेले आणि मालाचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक अमेरिका. 2018 मध्ये अमेरिकेची विमानवाहू नौका दा नांगला आली तेव्हा स्वागत झालं. तिच्यापुढे कुणाची फसगत झाली नाही, कारण कुणी आशा लावूनच बसलं नव्हतं.

तिथे तुम्हाला जपायचं आहे ते वेगळ्याच ठिकाणी. त्या युद्धात अमेरिकेच्या बाजूनं लढायला दक्षिण कोरियानं एकूण तीन लाखांहून जास्त सैनिक आळीपाळीनं पाठवले होते. त्या बदल्यात मिळालेल्या डॉलरांवर कोरियाची सुरुवातीची प्रगती बरीचशी उभी आहे. फेब्रुवारी 1968 मध्ये क्वांग नाम प्रांतातल्या फोंग न्ही गावात कोरियन सैनिकांनी सत्तरच्या आसपास गावकरी मारले. तिथून वाचलेल्या एका बाईनं सोलच्या न्यायालयात दावा लावला आणि फेब्रुवारी 2023 मध्ये न्यायालयानं कोरियन सरकारला भरपाई द्यायला सांगितलं. सरकारनं अपील केलं. म्हणजे व्हिएतनामच्या प्लांटमध्ये साहेब कोरियन, कामगार व्हिएतनामी आणि मधे तुम्ही. तिथे अमेरिकेवर खुशाल गप्पा मारा. युद्धात कोण कुठे होतं, हा विषय मात्र कोरियन साहेबांच्या वडिलांपाशी जाऊन थांबू शकतो. त्यांच्या घरी भिंतीवर गणवेशातला फोटो असेल तर कौतुकानं ‘कुठल्या मोहिमेवर होते’ विचारायचा मोह होतो. विचारू नका, त्यांनी सांगितलं तर ऐका.

कोरियात कुठल्या शहरात राहायचं आहे आणि व्हिएतनामचा प्लांट उत्तरेला आहे की दा नांगच्या बाजूला, एवढं कळवा. ग्वांगजू किंवा प्योंगतेक असेल तर तिथलं सांगण्यासारखं आणखी बरंच आहे.